टेक द ए ट्रेन : ड्यूक एलिंग्टनची ओळख बनलेली बिली स्ट्रेहॉर्नची धून

तबकडीप्रेमी

अमेरिकन जॅझ बँडप्रमुख आणि पियानोवादक ड्यूक एलिंग्टनचं नाव काढलं की बहुतेकांना जी धून पहिल्यांदा आठवते, ती एलिंग्टनने लिहिलेली नाही. 'टेक द ए ट्रेन' लिहिली बिली स्ट्रेहॉर्नने, १९३९ साली, तेव्हा तो चोविशीतही पोचला नव्हता. आपल्याकडे जॅझवर धागे येतात ते बहुतेक गायकांवर किंवा सोलो वाजवणाऱ्यांवर. बिग बँडचा, म्हणजे पंधराएक वादकांच्या जॅझ संचाचा, जो अरेंजर असतो, म्हणजे कोणी काय, कधी आणि किती वाजवायचं हे कागदावर उतरवणारा माणूस, त्याच्यावर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे एकच गाणं घेऊन त्याच्या ध्वनिमुद्रणांबद्दल लिहावं म्हणतो. ज्यांच्याकडे वेगळी मुद्रणं असतील त्यांनी जरूर भर घालावी.

स्ट्रेहॉर्न पिट्सबर्गमध्ये वाढला. औषधांच्या दुकानात कामाला होता आणि पियानोचं रीतसर शिक्षण चालू होतं. डिसेंबर १९३८ मध्ये एलिंग्टनचा बँड पिट्सबर्गच्या स्टॅनली थिएटरमध्ये आला तेव्हा एका ओळखीच्या माणसाने त्याला पडद्यामागे नेलं. तिथे त्याने एलिंग्टनचीच एक धून आधी हुबेहूब एलिंग्टनसारखी वाजवली आणि मग 'मी ही अशी वाजवली असती' म्हणून आपल्या पद्धतीने. एलिंग्टनने त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या घरी कसं यायचं हे सांगताना सुरुवातच 'ए ट्रेन पकड' (म्हणजे भुयारी रेल्वेची ए नावाची गाडी) अशी होती, आणि त्याच शब्दांवरून स्ट्रेहॉर्नने धून रचली, असं सांगतात.

पण ही धून दीड-दोन वर्षं पडून होती. मर्सर एलिंग्टनने, म्हणजे ड्यूकच्या मुलाने, सांगितलेली हकीकत अशी की स्ट्रेहॉर्नने ती कचऱ्यात टाकली होती, कारण ती त्याला फ्लेचर हेंडरसन या दुसऱ्या बँडप्रमुखाच्या शैलीच्या फार जवळची वाटली. मर्सरने ती उचलून ठेवली. पुढे तिची गरज पडली ती एका व्यावसायिक भांडणामुळे. अमेरिकेतली गीतकार-संगीतकारांची मोठी संस्था अ‍ॅस्कॅप हिने रेडिओ कंपन्यांकडून मिळणारं मानधन वाढवून मागितलं. रेडिओवाल्यांनी उलट आपली वेगळी संस्था उभी केली आणि १ जानेवारी १९४१ पासून अ‍ॅस्कॅपच्या सभासदांचं संगीत वाजवणंच बंद केलं. एलिंग्टन सभासद होता. त्यामुळे त्याचा सगळा साठा एका रात्रीत रेडिओसाठी बाद झाला, बँडची ओळखधूनसुद्धा. तेव्हा बँडचं नाव घराघरात पोचायचं ते नाचघरांतून होणाऱ्या थेट प्रक्षेपणांमुळे, त्यामुळे हा फटका मोठा होता. स्ट्रेहॉर्न आणि मर्सर सभासद नव्हते. त्या दोघांनी घाईघाईने नवं संगीत लिहिलं, जुनं बाहेर काढलं, आणि त्यात ही धून वर आली. तेव्हापासून १९७४ मध्ये एलिंग्टन जाईपर्यंत बँडचे कार्यक्रम याच धुनेने सुरू होत राहिले.

आता मुख्य मुद्रण. १५ फेब्रुवारी १९४१, हॉलिवूड, व्हिक्टर कंपनी. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. कृपया हेडफोन लावून ऐका.

पियानोवर चार बारची, म्हणजे चार-चार मात्रांच्या चार गटांची, सुरुवात. एलिंग्टन होल-टोन सप्तकातली, म्हणजे प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची असते त्या स्वरसमूहातली, एक उतरती आकृती वाजवतो. कुठला सूर घर आहे ते कळतच नाही. मग सगळे सॅक्सोफोन एकस्वरात मुखडा उचलतात, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्यूट (आवाज दाबणारी टोपी) लावलेले ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन मधल्या जागा भरतात. एक जण बोलतोय आणि दुसरा त्याचं वाक्य पुरं करतोय असं ते चालतं. खाली जिमी ब्लँटनचा बेस. हा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. दीड वर्षानंतर तो क्षयाने गेला. त्याचा प्रत्येक सूर इतका गोल आणि लांब आहे की ड्रम्सकडे लक्षच जात नाही.

दुसऱ्या आवर्तनात रे नान्सचा म्यूट लावलेला ट्रम्पेट. त्यानंतर एक छोटा पूल येतो, जिथे चारचा ताल तीन-तीनच्या गटात मोडल्यासारखा वाटतो, आणि त्या गोंधळातच सूर पांढरी एकवरून काळी दोनवर चढतो. नान्स म्यूट काढून खुल्या आवाजात येतो. शेवटी मुखड्याची आठ बारची ओळ तीनदा येते, दर वेळी आधीपेक्षा हळू आवाजात. गाडी लांब जातेय हे सांगायला शिट्टी, चाकांचा आवाज, काही लागत नाही. फक्त आवाज उतरवून ते साधलंय.

नान्स बँडमध्ये येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. कूटी विल्यम्स हा एलिंग्टनचा अकरा वर्षांचा भरवशाचा ट्रम्पेटवादक १९४०च्या शेवटी बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, त्या जागेवर नान्स आला. त्याने या मुद्रणात जो सोलो वाजवला तो पुढे धुनेचाच भाग झाला. नंतर आलेल्या ट्रम्पेटवाल्यांनी त्यातली वाक्यं जशीच्या तशी घेतली. सोलो हा त्या क्षणी सुचलेला असतो, पण हा सोलो लिहिलेल्या संगीताइतकाच पक्का होऊन बसला. याचं श्रेय मी अरेंजमेंटला देतो. नान्सभोवती स्ट्रेहॉर्नने सॅक्सोफोनची जी महिरप लिहिली आहे, तिच्यात दुसरं काही बसतच नाही.

सध्या इतकंच. बाकी मुद्रणांबद्दल प्रतिसादांत लिहितो.

रेडिओवेडा

वा! धागा वाचून लगेच लावलं. आमच्या पिढीत ही धून तबकडीवरून कळलेले फार कमी असतील. आम्हाला ती कळली शॉर्टवेव्हवर. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी रेडिओच्या जॅझ कार्यक्रमाची ती शीर्षकधून होती आणि निवेदक विलिस कोनोव्हर. १९५५ पासून हा कार्यक्रम सुरू होता. कोनोव्हर मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा, कारण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी जेमतेम येत असे. मलाही येत नव्हतं. त्याच्या बोलण्यातून वादकांची नावं तेवढी वहीत उतरवायचो, ऐकू येतील तशी, देवनागरीत.

एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. कोनोव्हर पोलंड, रशिया, भारत असा सगळीकडे माहीत होता, पण त्याच्या स्वतःच्या देशात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कार्यक्रम अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी प्रसारित करायला कायद्याने मनाई होती. ए ट्रेनची सुरुवातीची पियानोची आकृती ऐकली की आजही माझा हात बारीक-मोठा आवाज करायच्या बटणाकडे जातो. शॉर्टवेव्हवर ती नेहमी खरखरीतून वर येत असे.

नवखा_श्रोता

खूप माहितीपूर्ण. दोन शंका.

१. स्ट्रेहॉर्नने लिहिली तर जगभर एलिंग्टनची म्हणून का माहीत?

२. नंतरच्या मुद्रणांत पॉल गोन्साल्विस असं नाव दिसतं, टेनर सॅक्सोफोनवर. हे गोव्याचे का?

आल्डोनाकर

दुसऱ्या शंकेचं उत्तर देतो, कारण गोव्यात हा प्रश्न मी कित्येकांकडून ऐकलाय. नाही, गोव्याचे नव्हेत. गोन्साल्विस अमेरिकेतच जन्मले, त्यांचं घराणं केप व्हर्दे बेटांमधलं. ही बेटं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे आहेत आणि तिथेही गोव्यासारखंच शतकानुशतकं पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्यामुळे आडनाव तेच.

पण गोव्याचा आणि या संगीताचा संबंध आहे आणि तो घट्ट आहे. तीसच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकन-अमेरिकन वादक आपापले बँड घेऊन वाजवत होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर गोव्याचे वादक उभे राहिले. मिकी कोरिया १९३९ पासून पुढे दोन दशकं ताजमध्ये बँड चालवत होते. आमच्या आल्डोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना तर भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हे लोक इतक्या लवकर हे संगीत कसं उचलू शकले? आमच्या गावच्या इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, असायचा. त्याच्याकडे पोरं आधी सोल्फा (पाश्चात्य सरगम) शिकायची, मग व्हायोलिन, मग जमेल ते पितळी वाद्य. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पाच रेघांवरचं संगीत वर्तमानपत्रासारखं वाचता यायचं. परदेशातून छापील अरेंजमेंट आली की पहिल्या तालमीत सगळा बँड ती वाजवून मोकळा होत असे. ऐकून उचलणं वेगळं आणि सॅक्सोफोनच्या तिसऱ्या खुर्चीचा भाग कागदावरून चोख वाजवणं वेगळं. बिग बँडला दुसरं लागतं.

पहिल्या शंकेबद्दलही थोडं, पण ते सविस्तर लिहीन.

कोमल_धैवत

तबकडीप्रेमी, तुम्ही अरेंजमेंटबद्दल छान लिहिलंय, पण मुखड्यातच एक जागा आहे जी सांगितल्याशिवाय राहवत नाही. हार्मोनियम असेल त्यांनी पांढरी एकला सा धरून वाजवून बघा.

मंद्र पंचमावरून सुरुवात. तिथून थेट मध्य गंधारावर उडी. मग पुन्हा मंद्र पंचम, षड्ज, गंधार अशा पायऱ्या चढून परत त्याच गंधारावर. इथवर सगळं साधं आहे, लहान मुलालाही गाता येईल. आणि आता गंधारावरून खाली येताना आपल्याला वाटतं पंचमावर येईल, तर तो उतरतो मंद्र कोमल धैवतावर आणि तिथेच थांबतो. गाण्यात 'ट्रेन' हा शब्द याच सुरावर येतो. जिथून निघालो त्याच्या अर्ध्याच पायरीवर वर, पण पूर्ण परक्या जागी.

हा सूर नुसता वाजवला तर बेसूर वाटेल. खाली काय चाललंय ते महत्त्वाचं. त्या क्षणी बँडचा कॉर्ड रिषभावर उभा आहे. रिषभाला सा मानलं तर हा कोमल धैवत म्हणजे त्याचा तीव्र मध्यम. म्हणून तो टोचत नाही, झळकतो. दोन बार तो तसाच धरलाय, मग हळूच सोडवलाय. सुरुवातीला पियानोवर जी होल-टोन आकृती येते तिच्यात हाच सूर आहे, त्यामुळे कानाला त्याची नकळत तयारी झालेली असते. चोविशीच्या आतल्या मुलाने हे लिहिलंय.

सायली_न्यूजर्सी

इथे राहून जी माहिती आहे ती देते. न्यूयॉर्कच्या एट्थ अ‍ॅव्हेन्यू मार्गावर ए ट्रेन १० सप्टेंबर १९३२ ला सुरू झाली. म्हणजे धून लिहिली तेव्हा ती नवी, चकचकीत गाडी होती. ए ही फास्ट लोकल आणि सी ही स्लो, असं आपल्या माणसांना सांगितलं की लगेच कळतं. हार्लेममधल्या १२५व्या रस्त्यावरून सुटली की ए थेट ५९व्या रस्त्याला थांबते. मधली सगळी स्टेशनं सोडते.

गाण्यात ज्या शुगर हिलचा उल्लेख आहे तो हार्लेमचा उंचावरचा भाग, साधारण १४५व्या रस्त्याच्या पुढे. तिथे तेव्हा चांगल्या स्थितीतले कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, लेखक, संगीतकार राहत. शब्दांत अशी ताकीद आहे की ही गाडी चुकली तर हार्लेमला जायचा सगळ्यात जलद रस्ता चुकला. डिसेंबर १९४० मध्ये डी नावाची गाडी सुरू झाली, तीही त्याच मार्गावरून वर जाते, पण १४५व्या रस्त्यानंतर ब्राँक्सकडे वळते. त्यामुळे नवख्या माणसाला ए का डी हे विचारूनच चढावं लागे.

आपल्याकडचे बरेच पाहुणे नकळत ए ट्रेनमध्ये बसलेले असतात. केनेडी विमानतळावरून हॉवर्ड बीचला येऊन शहरात जायचं तर हीच गाडी. माझे सासरे आले होते तेव्हा त्यांना डब्यातच कानाला लावून १९४१चं मुद्रण ऐकवलं. ते मुंबईत रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शेवटी गाडी स्टेशनात येते का स्टेशनातून जाते?" माझ्या मते जाते. इतरांना काय वाटतं?

तबकडीप्रेमी

सायलीताई, जाते. आवाज उतरत उतरत संपतो, आणि आपण फलाटावर राहतो.

आता शब्दांबद्दल. १९४१चं मुद्रण निव्वळ वाद्यांचं आहे. शब्द नंतर आले आणि ते एकाहून जास्त वेळा लिहिले गेले. जॉया शेरिल नावाची डेट्रॉइटची मुलगी शाळेत असतानाच रेडिओवर ही धून ऐकून तिच्यावर शब्द बसवून मोकळी झाली. एलिंग्टनला ते कळल्यावर त्याने तिला बँडमध्ये गायिका म्हणून घेतलं.

त्याआधी बेटी रोशे गात होती. तिचं गाणं १९४३च्या 'रेव्हिली विथ बेव्हर्ली' या चित्रपटात आहे, त्यात सगळा बँड आगगाडीच्या डब्यात बसून वाजवतो. तेव्हा तिची तबकडी का निघाली नाही, याला कारण आहे. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि व्हिक्टरसारख्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४चा शेवट उजाडला. स्विंग ऐन भरात असताना दोन वर्षं मोठ्या बँडांची मुद्रणं जवळजवळ नाहीत. रोशे मधल्या काळात बँड सोडून गेली. ती परत आल्यावर १९५२ मध्ये कोलंबियाच्या 'एलिंग्टन अपटाउन' या लाँगप्लेसाठी तिने ए ट्रेन गायली. हे मुद्रण आठ मिनिटांचं आहे, लाँगप्लेमुळे ते शक्य झालं. एकदा शब्द सरळ गाते आणि मग शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर जी धावते ती थेट बीबॉपमध्ये, म्हणजे चाळीसच्या दशकात आलेल्या वेगवान जॅझमध्ये. तिच्यानंतर लय एकदम मोडते आणि गोन्साल्विस हीच धून अतिविलंबित वाजवतात, मग पुन्हा वेग. १९४१च्या तीन मिनिटांत जे दाबून बसवलं होतं ते इथे मोकळं सोडलंय. मला गायनाच्या मुद्रणांत हे सगळ्यात आवडतं, एला फिट्झजेराल्डच्या १९५७च्या मुद्रणापेक्षाही, जरी तिच्या मागे एलिंग्टनचाच बँड आहे.

पितळी_वाद्यवृंद

धागा उत्तम, पण माझं मत थोडं वेगळं आहे. स्ट्रेहॉर्नला श्रेय मिळालंच पाहिजे, कुणी नाही म्हणत नाही. पण ही अरेंजमेंट दुसऱ्या कुठल्याही बँडच्या हातात दिली असती तर असा आवाज आला असता का? हॅरी कार्नीचा बॅरिटोन, जॉनी हॉजेसचा आल्टो, बेन वेब्स्टरचा टेनर, हे तिघं एकस्वरात वाजवतात तेव्हा तो एकस्वर राहत नाही, त्याला वजन येतं. ही माणसं एलिंग्टनने निवडली, जपली, वर्षानुवर्षं पगार देऊन धरून ठेवली. पुढे पदरचे पैसे घालूनसुद्धा. शिवाय एलिंग्टन स्वतः मंचावरून दर वेळी स्ट्रेहॉर्नचं नाव घ्यायचा. मग अन्याय कुठे झाला?

आल्डोनाकर

पितळी_वाद्यवृंद, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच मी सविस्तर लिहीन म्हटलं होतं.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात आपल्याकडे नेमकं हेच झालं. १९४९-५० नंतर मुंबईत दारूबंदी कडक झाली, हॉटेलांमधली नाचगाणी रोडावली आणि गोव्याचे वादक मोठ्या संख्येने स्टुडिओंमध्ये आले. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट हे त्यातले अरेंजर. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, जी पाश्चात्य ढंगाची गाणी दिली त्यामागे चिक चॉकलेट आणि त्यांच्या साथीदारांचा हात होता. शंकर-जयकिशनांच्या व्हायोलिनच्या ज्या लाटा आपण डोळे मिटून ओळखतो त्या कागदावर सेबास्टियननी उतरवल्या. संगीतकारांनी अन्याय केला असं मी म्हणत नाही. चाल त्यांचीच होती, माणसं त्यांनीच निवडली. पण तबकडीवर अरेंजरचं नाव छापायची पद्धतच नव्हती, आणि नाव छापलं नाही की पन्नास वर्षांनी माणूस पुसला जातो.

स्ट्रेहॉर्नचं तरी लेबलवर संगीतकार म्हणून नाव होतं. तरीही लोकांनी धून एलिंग्टनच्या खात्यात टाकली, कारण बँडच्या पोस्टरवर एकच नाव असतं. त्यात स्ट्रेहॉर्न स्वभावाने मागे राहणारा. तो समलिंगी होता आणि त्या काळात ते न लपवता जगत होता. प्रसिद्धीच्या झोतात आला असता तर तसं जगणं त्याला अवघड झालं असतं, असं त्याच्या चरित्रकाराने मांडलंय. एलिंग्टनच्या सावलीत त्याला सुरक्षित जागा मिळाली. त्याची किंमतही त्यानेच मोजली.

तबकडीप्रेमी

आल्डोनाकर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धन्यवाद.

पितळी_वाद्यवृंद, वादकांच्या आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. स्ट्रेहॉर्न वाद्यासाठी लिहीतच नव्हता, माणसासाठी लिहीत होता, ही सवय त्याने एलिंग्टनकडूनच घेतली. पण धून बँडशिवायही उभी राहते का, हे बघायचं तर त्याचंच १९६१चं पॅरिसमधलं मुद्रण ऐका, 'द पीसफुल साइड'. तिथे पियानोवर तो एकटा आहे म्हटलं तरी चालेल. ए ट्रेन त्याने इतकी संथ वाजवली आहे की पहिल्यांदा ओळखायला वेळ लागतो. कोमल_धैवत यांनी सांगितलेला तो सूर तिथे धरून ठेवलेला ऐका. त्यात घाई नाही, हार्लेम नाही, नाचघर नाही. वीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने वाजलेली आपली धून एक माणूस स्वतःसाठी वाजवतोय, एवढंच.

स्वरलिपी

आल्डोनाकरांनी भारताचा विषय काढलाच आहे तर १९६३ची भर. अमेरिकन परराष्ट्र खात्याने एलिंग्टनचा बँड पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला होता. दिल्ली, मद्रास, मुंबई, कोलकाता इथे कार्यक्रम झाले. स्ट्रेहॉर्न बरोबर होता. २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली आणि दौरा तुर्कस्तानात आवरता घेतला गेला.

धाग्याच्या विषयाशी जुळणारी गोष्ट म्हणजे रे नान्स या दौऱ्याच्या सुरुवातीलाच बँड सोडून परत गेला. कूटी विल्यम्स १९६२ मध्ये बँडमध्ये परतला होता. म्हणजे ज्याच्या जाण्यामुळे नान्सला जागा मिळाली तोच पुढे ए ट्रेनचा सोलो वाजवू लागला, आणि त्याच्या वाजवण्यात नान्सची वाक्यं ओळखू येतात. कूटीचा आवाज जास्त जाड, जास्त करकरीत. सत्तरच्या सुमाराची थेट मुद्रणं मिळाली तर १९४१च्या शेजारी ठेवून ऐका.

त्या दौऱ्यातून पुढे 'फार ईस्ट सूट' तयार झाली, मुद्रण डिसेंबर १९६६. त्यातला दिल्लीवरचा तुकडा स्ट्रेहॉर्नचा आहे. दिल्लीत खोलीबाहेर एक साळुंकी सतत एकच लकेर घ्यायची, ती त्याने जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटला दिली. एका विशिष्ट वादकासाठी लिहिणं म्हणजे काय ते त्या तीन-चार मिनिटांत सरळ दिसतं. ३१ मे १९६७ रोजी स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेला, एक्कावन्नाव्या वर्षी.

नवखा_श्रोता

दोन्ही शंकांची उत्तरं मिळाली, आभार. बिग बँडशिवाय इतरांनी वाजवलेली कोणती मुद्रणं ऐकावीत?

पितळी_वाद्यवृंद

माझी निवड :

क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच, १९५५. पाच जणांचा संच. सुरुवातीला गाडी वेग घेते, शेवटी थांबते, आणि मध्ये ब्राउनचा ट्रम्पेट. त्यातली स्वच्छता अजून कुणाला जमलेली नाही. पुढच्या वर्षी मोटार अपघातात तो गेला, पंचविसाव्या वर्षी.

चार्ल्स मिंगस, १९६०. ए ट्रेनच्या मुखड्याचे कॉर्ड 'एग्झॅक्टली लाइक यू' या १९३०च्या गाण्याशी बरेच जुळतात. मिंगसने दोन्ही धुना एकाच वेळी, एकमेकींवर ठेवून वाजवल्या आहेत. कोमल_धैवत, तुम्हाला हे नक्की आवडेल.

जो हेंडरसन, १९९२ची स्ट्रेहॉर्नवरची सीडी. फक्त टेनर सॅक्सोफोन आणि ड्रम्स. पियानो नाही, बेस नाही. सगळे कॉर्ड आपल्या मनात वाजत राहतात.

कोमल_धैवत

हेंडरसनचं आत्ताच ऐकलं. मी म्हटलं होतं तो सूर खालच्या कॉर्डशिवाय बेसूर वाटेल. इथे खाली कॉर्डच नाही, तरी तो बेसूर वाटत नाही. हेंडरसन तिथे क्षणभर थांबतो आणि मग आजूबाजूचे सूर असे फिरवतो की रिषभाचा कॉर्ड आपोआप उभा राहतो. मिंगस उद्या ऐकते.

१९४१चं मूळ मुद्रण कुठल्या सीडीवर घ्यावं? नेटवर मिळालेल्यात सगळी वरची खरखर कापलीय आणि तिच्याबरोबर झांजाही गेल्यात.

तबकडीप्रेमी

१९८६ साली निघालेला तीन सीडींचा संच टाळा. त्याच्या आवाजाबद्दल तेव्हाच बऱ्याच तक्रारी झाल्या होत्या. २००३चा 'नेव्हर नो लॅमेंट' हा संच घ्या, त्यात खरखर थोडी ठेवलीय आणि ब्लँटनचा बेस नीट ऐकू येतो. व्हिक्टरच्या मुद्रणाच्या महिनाभर आधी, १५ जानेवारी १९४१ ला, बँडने हीच धून रेडिओ केंद्रांना पुरवायच्या तबकडीसाठी वाजवली होती. तीही वेगळ्या संग्रहांत मिळते. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर नान्सचा सोलो महिनाभरात किती पक्का झाला ते कळतं. कुणाकडे ७८ची तबकडी असेल तर तिच्या लेबलचा फोटो इथे जरूर टाका.